फणी, कंगवा, पोळं, तुरा : आपल्याकडच्या दातेरी वस्तूंचा धागा

कापूसकोंड्या | आर्वी, जि. वर्धा

आठवडी बाजारातलं कंगव्याचं दुकान म्हणजे ताडपत्रीवर ओतलेला रंगीत ढीग. दांडीचा, बिनदांडीचा, खिशात मावणारा, घडी होणारा, गोल ब्रश, केसांचे चाप, बो, हेअरबँड, अंबाड्यात खोचायचे काटे. सगळं दहा ते पन्नास रुपयांत. नसते ती एकच वस्तू : दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली लाकडी फणी. मागितली तर दुकानदार तशीच दिसणारी प्लॅस्टिकची पुढं करतो. तिच्या फटीतून ऊच काय, उवेचं अख्खं खटलं वऱ्हाड घेऊन जाईल.

शाळा सुरू होऊन पाऊस लागला की पोरींच्या डोक्यात उवा होतातच, म्हणून आत्ता विचारतोय. पण फणी शोधताना एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. फणीचं खरं काम फट करते, दात बिचारे ती फट धरून उभे असतात. काय अडणार आणि काय निसटणार, हे फट ठरवते. माग, तिफन, मोहोळ, सगळीकडे मला हेच दिसतं. पटत नसेल तर खुशाल भांडा. तुमच्या गावातली कुठलीही दातेरी, फणीसारखी वस्तू असेल ती इथं टाका. केसांची, मागावरची, शेतातली, झाडावरची, कसलीही. व्हॉट्सॲपवरचे घरगुती उपाय तेवढे नकोत.

लसवाली_ताई | मेहकर

दादा, लाकडीच पाहिजे हा हट्ट सोडा. लांब दातांची स्टीलची फणी मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. लीख साधारण ०.८ मिमी लांब आणि ०.३ मिमी रुंद असते. म्हणजे दोन दातांमधली जागा ०.३ पेक्षा कमी पाहिजे. प्लॅस्टिकचे दात केसांच्या जोरानं फाकतात. नवी असताना ठीक वाटते आणि चार वेणीफणीत निकामी होते. तुमचं फटीचं म्हणणं इथं तरी सोळा आणे खरं.

आता पद्धत, कारण फणीपेक्षा लोक पद्धतीत मार खातात. कोरड्या केसांवर फिरवू नका, ऊ पळते. केस ओले करा, भरपूर तेल किंवा कंडिशनर लावा, आधी साध्या कंगव्यानं गुंता काढा, मग बट-बट वेगळी करून मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा. प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा म्हणजे काय निघतंय ते दिसतं. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात. आज सगळ्या उवा काढल्या तरी उद्या-परवा नव्या निघणारच. म्हणून तीन-चार दिवसांच्या अंतरानं निदान दोन आठवडे विंचरायचं. एकदा विंचरून "झालं" म्हणणाऱ्या आया मला दर पावसाळ्यात भेटतात.

कवटीपासून लांब, केसाच्या मधोमध चिकटलेली पांढरी लीख बहुतेक रिकामं टरफल असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा ती किती जुनी हे तुम्हीच मोजा. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. एका पोरीच्या घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. "आमच्या घरी नाहीत बाई" हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही.

आणि हे जरा आवाज चढवून सांगते. रॉकेल नको. शेतातलं फवारणीचं औषध तर अजिबात नको. "थोडंसंच लावलं" म्हणणारे अजून आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं कशी दगावली ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि तेच बाटलीतलं लेकराच्या डोक्यावर? कातडीतून आत जातं ते.

वखरवाही | दारव्हा

ताई, हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिवा अन् कृषी केंद्रावर चिपकवा.

कोंड्याभाऊ, फटीचं तुमी आज सांगून रायले, आमचा बाप जल्मभर तेच सांगे. तिफनीले, म्हंजे पेरायच्या अवजाराले, तीन फन. त्याहीच्या मधातलं अंतर सुटलं की पुरा हंगाम सुटला. सोयाबीनले १८ इंच धरलं तं तासातलं तन काढाचा डवरा बरोबर फिरते, पराटीले, म्हंजे कापसाले, त्याहून जादा लागते. पेरनीच्या दिवशी बुढा तिफनीपाशी टेप घेऊन बसे. आमी हासो. मंग डवरनीच्या टायमाले ज्याचं तास वाकडं त्याचं पीक डवऱ्याखाली येये, अन् मंग बुढा हासे.

आता ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, त्याचे फन नटबोल्टावर सरकते. ड्रायव्हरनं काल्च्या वावरात काय अंतर ठेवलं होतं तेच तुमच्या वावरात चालू ठेवते. भाडं देतानी नट पाहून घेत जा राजेहो.

इतिहासकीडा | नागपूर

दोन्ही बाजूंनी दात असलेल्या फणीचं वय सांगतो. इस्राएलमधल्या लाखीश या जुन्या नगराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एका बाजूला ६ जाड दात गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला १४ बारीक दात उवा काढायला. सगळे मोडलेले, पण बुंधे शाबूत. तिच्यावर कोणीतरी १७ अक्षरं कोरलीत हे पुढं काही वर्षांनी लक्षात आलं, आणि २०२२ साली वाचन प्रसिद्ध झालं. मजकुराचा अर्थ असा : हा सुळा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा समूळ काढो. काळ इसवी सनापूर्वी १७०० च्या आसपास. कनानी वर्णमालेत लिहिलेलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते हे! राजाचा विजय नाही, देवाची स्तुती नाही, उवा. दाताच्या बुडाशी उवेचे अवशेषही मिळाले, म्हणजे वस्तू शोभेची नव्हती.

आपल्याकडे मोहेंजोदडोला हस्तिदंती फण्या मिळाल्या आहेतच. तेव्हा कोंड्यासाहेब, तुमच्या आठवडी बाजारात जे मिळत नाही ते सिंधूकाठच्या बाजारात मिळत असावं.

कापूसकोंड्या

वाहवा. लसवाली ताई, स्टीलची मागवली. पण लाकडी कोण करतं हा प्रश्न अजून उभाच आहे. दाढीत उवा हे मात्र सकाळी सकाळी वाचायला नको होतं.

पवनीचा_धोटा | पवनी, जि. भंडारा

आमच्या घरी केसांच्या फणीआधी मागाची फणी पाहिली जायची. आजोबा, वडील दोघं कोष्टी कामातच गेले. मी बँकेत लागलो, पण कान अजून हात्याच्या ठोक्याला ओळखतो.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी : ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा, आणि तो इकडून तिकडे नेतो तो धोटा. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दोन दातांमधल्या घरातून ओवलेला असतो. फणी दोन कामं करते. ताण्याचे धागे ठरल्या अंतरावर ठेवते, आणि धोटा बाणा टाकून गेला की पुढं येऊन तो बाणा ठोकून बसवते. फणीचा नंबर म्हणजे २ इंचांत किती घरं. ८० नंबरची फणी म्हणजे २ इंचांत ८० घरं, एका घरात दोन धागे, म्हणजे इंचाला ८० धागे. ४८ इंच पन्ह्याचं कापड काढायचं तर ३,८४० धागे एकेक करून ओवायचे. हे काम घरातल्या बायकांचं आणि लहान बोटांच्या पोरांचं. एक माणूस पलीकडून धागा देतो, दुसरा आकड्यानं ओढून घेतो. त्यात एक घर चुकून मोकळं राहिलं तर थानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी रेघ जाते. गिऱ्हाईक कापड उजेडाकडे धरतं ते त्यासाठीच. दात वाकला तरी तेच, त्या जागी धागे फाकतात आणि कापड विरळ दिसतं.

पूर्वी फण्या बांबूच्या किंवा वेताच्या कामट्यांच्या असत. दोन पट्ट्यांत कामट्या उभ्या लावून सुतानं आवळायच्या. घरांचं अंतर त्या सुताच्या जाडीवर ठरायचं. म्हणजे फट मोजायला दुसरं माप नाही, दोराच माप! आता स्टेनलेस स्टीलच्या येतात, गंजत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. पण कोशाचा धागा, म्हणजे टसर, खरबरीत आणि जाड-बारीक असतो. जुने लोक म्हणत की त्याला बांबूची फणी मानवते, स्टील कापतं. हे खरं की जुन्या हाताची सवय, मोहाडी-आंधळगावच्या कोणीतरी सांगावं. तिकडं अजून कोसा विणला जातो.

दातांवरून निघालंच आहे तर करवतकाठी. भंडाऱ्या-नागपूरकडची ही साडी, तिच्या काठावर करवतीच्या दातांची ओळ असते. तीन धोटे लागतात, दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथं भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवत ते दात काढायचे. घाई केली की दात बोथट. भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे तिला. बाजारात छापील करवत ढिगानं मिळते. खरी ओळखायची तर उलट बाजू बघा. विणलेला दात दोन्हीकडे असतो.

सूतगिरणी_रिटायर्ड | हिंगणघाट

धोटेसाहेबांच्या आधीच्या पायरीवरही फणी आहे. बनियनवर "कॉम्ब्ड कॉटन" लिहिलेलं असतं ना, तो कापूस विंचरलेला असतो. पिंजून पेळू झाला की कोंबर मशीनमध्ये बारीक सुयांच्या फण्यांतून जातो, आखूड तंतू गळतात आणि लांब तेवढे एका दिशेनं राहतात. पहिलं असं यंत्र १८४० च्या दशकात फ्रान्सच्या अल्सेस भागातल्या हाइलमाननं केलं. वजनाच्या साधारण १० ते २० टक्के माल नॉइल म्हणून बाजूला पडतो. तोही वाया जात नाही, जाडं सूत आणि वैद्यकीय कापसाला जातो. सूत गुळगुळीत होतं आणि भावही वर जातो. आखूड धाग्याचा कापूस विंचरण्यात अर्थ नसतो, गळूनच संपेल. आपल्या शेतकऱ्याला लांब धाग्याचा दोन पैसे जादा भाव मिळतो त्यामागं हेही एक कारण आहे.

साल_मोह_तेंदू | कुरखेडा, गडचिरोली

लाकडी फणीचं उत्तर द्यायला उशीर झाला, इकडं नेटवर्क झाडावर चढून बघावं लागतं.

फणीला लाकूड घट्ट आणि बारीक रेषेचं लागतं. आमच्या जंगलात हळदू आणि कळम ही त्या कामाची नावाजलेली झाडं. शिसमाच्या फण्याही होतात, पण त्या शहरातल्या दुकानांत. दात नेहमी रेषेच्या दिशेनं काढायचे. आडवे काढले की पहिल्याच गुंत्यात काडकन मोडतात. बारीक करवतीनं एक-एक फट पाडायची, मग आतून घासायची. घासलेली नसली तर केस अडकून तुटतो. त्यामुळं विकत घेताना दात मोजू नका, फटीत नखानं फिरवून बघा, खरखर लागली तर ठेवून द्या. घरी आणल्यावर पाण्यात भिजत ठेवायची नाही, अधूनमधून तेल पुसायचं.

बांबूच्या फण्याही असतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया आदिवासींच्या घोटुलबद्दल, म्हणजे तरुण पोरापोरींच्या एकत्र जमायच्या घराबद्दल, लिहिताना फण्यांना बरीच जागा दिली आहे. पोरं कोरीवकाम करून फण्या बनवत आणि आवडत्या पोरीला देत, पोरी त्या केसांत खोचत. किती फण्या खोचल्यात ते सगळ्या गावाला दिसे. आमच्या भामरागडकडच्या माडिया भागातही गोटूल आहेत, आणि म्हाताऱ्या बायांच्या अंबाड्यात फणी क्वचित अजून दिसते. बाहेरचे फोटो काढायला येतात आणि फणी "किती क्यूट" म्हणतात. त्यांना सांगावंसं वाटतं की बाप्पा, ही प्रेमाची चिठ्ठी आहे, तुम्ही दुसऱ्याची वाचून राहिले.

शेजारच्या मध्य प्रदेशात उज्जैन-रतलामकडे लाकडी कंगव्यांचं काम जुनं आहे, बंजारा समाजाशी त्याचं नाव जोडलं जातं. नागपूरच्या हस्तकला प्रदर्शनांत त्यांची दुकानं लागतात. तिथं बारीक फणी सांगून करून घेता येईल.

अकोटची_काकू | अकोट

फणीतून निघालेलं गुंतवळ कुठं जाते ते कोणी सांगतलंच नाही! आमच्या आईनं खिडकीच्या कोनाड्यात पिशवी टांगली होती, रोजचं गुंतवळ त्यात. बाहेर टाकू द्यायची नाही, कोणी करणी करील म्हणे. मग "केसावर भांडीऽऽ" असा आवाज आला की तीच आई पिशवी घेऊन सगळ्यात पुढं. करणीची भीती एका स्टीलच्या वाटीत मिटे.

माझा पुतण्या आयात-निर्यातीच्या कामात आहे, त्यानं समजावलं. हे केस गोळा होत होत मोठ्या व्यापाऱ्याकडं जातात. तिथं बाया बसून एक-एक केस सोडवतात, लांबीप्रमाणं लावतात, सुयांच्या पाटावर विंचरतात. कर्नाटकातल्या कोप्पळजवळचं भाग्यनगर तर ह्याच धंद्यावर उभं आहे. टोप, गंगावन सगळं त्यातून. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं कच्चे केस बाहेर पाठवण्यावर निर्बंध घातले, कारण माल चोरवाटेनं जायचा आणि इथल्या कामगार बायांच्या हाताला काम राहायचं नाही. रोज ५०-१०० केस सगळ्यांचेच गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझे त्याहून जास्त गळतात, पण त्याला कारण माझी सून आहे.

कापूसकोंड्या

काकू, सूनबाई मराठी संकेतस्थळं वाचत नाहीत ना?

मोहोळवाले कोणी आहेत का इथं? फटीचा माझा सगळ्यात मोठा पुरावा तिकडं आहे.

मोहोळ्या | धारणी, मेळघाट

आहे की. तुमचा पुरावा मला माहीत आहे, मीच सांगतो.

१८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की पेटीत दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळं आणि भिंतीमध्ये साधारण ६ ते ९ मिमी जागा सोडली तर माश्या ती मोकळी ठेवतात, ये-जा करायला. कमी असेल तर राळेनं लिंपून टाकतात, जास्त असेल तर मेणाचं पोळं बांधून भरतात. ही जागा धरून त्यानं सुट्या चौकटींची पेटी केली. त्याआधी मध काढायचा म्हणजे घर फोडायचं. नंतर चौकट उचला, मध फिरवून काढा, पोळं परत ठेवा. जगातलं आजचं मधमाशीपालन त्या एका फटीवर उभं आहे. हे माप पाश्चात्य माशीचं, आपली सातेरी जातीची माशी लहान, तिची पेटीही लहान.

पण आमच्या जंगलातला खरा मध पेटीतला नाही, आग्या मोहोळाचा. आग्या पेटीत राहत नाही. उंच फांदीला, कड्याला, आता तर पाण्याच्या टाकीलाही, उघड्यावर एकच पोळं टांगते, कधी मीटरभराहून रुंद. एका झाडावर अशी कितीतरी. पळस, मोह, करंज, जांभूळ फुलतात तसा मध भरतो, मग माश्या पोळं रिकामं करून दुसऱ्या मुलखात जातात. त्यांचं आपल्यासारखंच, काम असेल तिकडं.

आता नीट ऐका, सगळं इथं आहे. आग्याच्या पोळ्यात मध सगळीकडं नसतो. फांदीला चिकटलेल्या बाजूचा वरचा कोपरा जाड असतो, मध तिथं. त्याखाली पराग, आणि खालचा मोठा पडदा म्हणजे अंडी-अळ्यांचा पाळणा. पारंपरिक पद्धतीत रात्री टेंभा पेटवून माश्या जाळायच्या, अख्खं पोळं कापून खाली टाकायचं आणि अळ्यांसकट पिळायचं. त्या मधात अळ्यांचं पाणी, राख, सगळं. लवकर आंबतो, भाव मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी झाड रिकामं. वर्ध्याजवळ दत्तापूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, १९७६ पासूनचं. त्यांनी आग्या मोहोळावर वर्षानुवर्षं काम केलं आणि जंगलातल्या लोकांना दुसरी पद्धत शिकवली. अंगभर पोशाख घाला, माश्या न जाळता धुरानं बाजूला सारा, मधाचा कोपरा तेवढा कापा, पाळणा सोडा. माश्या टिकल्या तर तो कोपरा पुन्हा बांधतात आणि फुलोरा असला तर पुन्हा भरतात. आमच्याकडचे कोरकू भाऊ ही पद्धत वापरू लागलेत. चिखलदऱ्याजवळचं आमझरी तर सरकारनं मधाचं गाव म्हणून पुढं आणलंय.

कच्चा मध काढू नका एवढं सगळ्यांना सांगा. पिकला की माश्या घरांवर मेणाचं झाकण घालतात. झाकण नसलेला मध म्हणजे पाणी जास्त, आणि २० टक्क्यांच्या वर पाणी गेलं की तो फसफसणार. आग्याच्या मधात पाणी मुळातच जास्त असतं.

आग्यावेताळ | तिरोडा

पोशाखाची किंमत कोण देणार? तो घालून ६० फुटी झाडावर चढून दाखवा उन्हाळ्यात. आमच्याकडचे लोक पिढ्यान् पिढ्या अमावास्येच्या रात्री काढतात, मोहोळं संपली का? जंगल तोडणाऱ्यांना कोणी बोलत नाही, टेंभा धरणाऱ्याला सगळे शिकवतात.

मोहोळ्या

वेताळभाऊ, जंगल तोडणाऱ्याबद्दल तुमच्या बाजूनं सही करतो. पण टेंभ्यानं जंगलाला आग लागते हेही तुम्ही पाहिलं असणार. आणि पैशाचंच बोलायचं तर स्वच्छ गाळलेल्या मधाला पिळलेल्या मधापेक्षा जास्त भाव मिळतो, मेण वेगळं विकता येतं. पोशाख गटाच्या नावानं घ्यावा, एकट्यानं नाही. उन्हाचं म्हणाल तर खरंच आहे, आत भट्टी होते. पहाटे चढा.

मास्तर_गणिताचे | पुसद

सहा बाजूंच्या घराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून माझी हजेरी. रोमन लेखक वारो यानं इसवी सनापूर्वी ३६ च्या सुमारास शेतीवर लिहिताना म्हटलं होतं की षट्कोनात सगळ्यात जास्त जागा मावते. सपाटीचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे कमीत कमी कुंपणात पाडायचे तर षट्कोनच, हे सगळ्यांना वाटत होतं, पण सिद्ध व्हायला १९९९ साल उजाडलं. टॉमस हेल्स यांनी ते केलं. माशीच्या घराची भिंत साधारण ०.०७ मिमी जाड असते, आणि घर किंचित वर कललेलं, मध ओघळू नये म्हणून.

माश्यांना गणित येतं म्हणून टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाचा. घराचा तळ तीन समभुज चौकोनांचा असतो, तो सगळ्यात काटकसरी आहे असं दोनशेहून जास्त वर्षं मानलं गेलं. १९६४ साली हंगेरीच्या फेयेश तोथ यांनी त्याहून किंचित कमी मेणात भागणारा तळ काढून दाखवला. बचत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. माशीनं काही मनावर घेतलं नाही.

कोंड्याजी, इथं तुमचा सिद्धांत लंगडतो. पोळ्यात भिंत वाचवायची असते, फट नाही.

कापूसकोंड्या

मास्तर, भिंत वाचवायची ती घर मोकळं राहावं म्हणूनच ना? पण असो, षट्कोनावर तुमच्याशी वाद घालून मला पुन्हा दहावीत बसायचं नाही.

कुडकुडी_कोंबडी | साकोली

तुऱ्याला कुठाय फट? सांगा बरं आता!

मी गावरान कोंबड्या पाळते. तुरा म्हणजे कोंबडीचा दवाखान्याचा कागद. लालभडक, गरम असला तर अंड्यावर आहे. फिका, सुकलेला असेल तर अंडी बंद किंवा पोटात जंत नाहीतर अंगावर गोचिडं. निळा-जांभळा पडला तर बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि डॉक्टरला फोन करा. कोंबडीला घाम येत नाही, तुऱ्यातून आणि गलोलीतून रक्त खेळतं आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर गेला की मोठ्या तुऱ्याची कोंबडी बरी तगते असा माझा अनुभव. असीलचा तुरा छोटा, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत बसवल्यासारखा. झुंजीत धरायला काही मिळत नाही. कडकनाथचा काळपट.

मुलीच्या बारावीच्या पुस्तकात सापडलं : बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुलाबतुरा आणि वाटाणातुरा यांचा संकर केला, तर पिलांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा आला. त्या पिलांच्या पिलांत चार प्रकार निघाले, ९:३:३:१. दोन जनुकं मिळून एक गुण ठरवतात हे त्या तुऱ्यांवरून कळलं.

अजून एक. गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन देतात, त्यातली काही औषधं कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, हायलुरोनिक आम्ल. काही जिवाणूंपासूनही बनतात. माळकरी मंडळींनी डॉक्टरला आधी विचारलेलं बरं.

वखरवाही

म्हनजे बुवाच्या गुडघ्यात कोंबडा आरवून रायला!

अकोटची_काकू

माझ्या दोन्ही गुडघ्यांत घेतलंय ते. आता विचारायचं कोणाला, देवाला की डॉक्टरला?

कापूसकोंड्या

तुरा वगळून माझा सिद्धांत कायम ठेवतो.

एक तातडीचं. आमच्या शाळेच्या आवारातल्या पिंपळावर आग्या बसलाय, प्रार्थनेच्या जागेच्या बरोबर वर. कोणी म्हणतं फटाके लावा, कोणी म्हणतं रॉकेलचा बोळा. मोहोळ्याभाऊ, काय करावं?

मोहोळ्या

फटाके आणि बोळा दोन्ही नाही. पोळं छेडलं की पोरं धावतील, आणि आग्या लांबवर पाठलाग करतो. प्रार्थना आणि खेळ दुसऱ्या बाजूला हलवा, झाडाखाली दोरी बांधा. त्या बाजूला धूर, शेकोटी, डीजे काही नको. घारी-मधुबाज पोळ्यावर झडप घालतात तेव्हाही माश्या उठतात, म्हणून वर लक्ष ठेवणारा एक मोठा माणूस नेमा. काढायचंच असेल तर वनविभागाला किंवा प्रशिक्षित मध काढणाऱ्या गटाला बोलवा, संध्याकाळी, शाळा रिकामी असताना. घाई नसेल तर फुलोरा संपला की आग्या आपणच निघून जातो.

पोरांना सांगून ठेवा : माशी चावली की तिथं थांबायचं नाही, हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून बंद खोलीत पळायचं. पाण्यात उडी नको, त्या वर वाट बघतात. काटा नखानं लगेच खरडून काढायचा. काट्यातून जो वास सुटतो त्यानं बाकीच्या माश्यांना जागा कळते. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो, त्यातला मुख्य पदार्थच केळ्याच्या वासाचा आहे. पोषण आहारात केळी देता ना? ती त्या झाडाखाली वाटू नका. डंख खूप असतील, ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा चक्कर आली तर घरगुती काही लावत बसू नका, १०८ ला फोन करा.

लसवाली_ताई

याला जोड : आधी कधी माशी चावून अंगभर गांधी उठलेलं मूल असेल तर त्याचं नाव शिक्षकांकडं आजच लिहून ठेवा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून ॲड्रेनॅलिन, म्हणजे जोराच्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, आहे का ते विचारून घ्या, गरज पडायच्या आधी.

कापूसकोंड्या

मुख्याध्यापकांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. दोरी बांधली, प्रार्थना हापशीकडच्या बाजूला नेली. उद्या केळ्यांचा वार आहे, ती वर्गातच वाटणार.